मुखपृष्ठ किती लांबून वाचायचे?

शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले की भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता लागतो. सर्वांत वर एक भले मोठे अक्षर आणि खाली उतरावे तशी लहान होत जाणारी अक्षरे. हॉलंडचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये हा तक्ता प्रसिद्ध केला. आज त्याच्या एका दूरच्या भाऊबंदाविषयी लिहायचे आहे.

अमेरिका आणि इंग्लंडमध्ये रॉक व पॉप संगीताला वाहिलेली नियतकालिके निघत आली आहेत. त्यांतली 'रोलिंग स्टोन', 'क्यू' आणि 'मोजो' ही नावे पुष्कळांच्या कानांवरून गेली असतील. त्यांची मुखपृष्ठे शेजारी शेजारी मांडली, तर ठेवण बरीचशी सारखी दिसते. माथ्यावर ठळक नाव, मध्ये एक मोठा चेहरा, बहुधा थेट आपल्याकडे पाहणारा, आणि कडेला आतल्या लेखांची माहिती देणाऱ्या लहान ओळी. हे सारे चित्रकाराच्या आवडीने ठरते, असे वाटणे साहजिक आहे. पण पट्टी आणि थोडे गणित घेऊन बसले, की निराळेच काही दिसू लागते.

निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगवेगळे दिसायचे, तर त्यांच्यातल्या अंतराने डोळ्याशी सुमारे एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, एवढा कोन करावा लागतो. अक्षर वाचायला त्याच्या उंचीने पाच कला कोन केला पाहिजे. स्नेलेनचा तक्ता याच हिशेबावर उभा आहे. या हिशेबाने 4 मिलिमीटर उंचीची ओळ पावणेतीन मीटरपर्यंतच वाचता येते. 5 सेंटिमीटर उंचीचे नाव मात्र 34 मीटरवरून वाचता यावे. दुकानातला अंधूक उजेड आणि चालता माणूस लक्षात घेऊन हे आकडे निम्मे करा, तरी मुद्दा तोच राहतो. नाव रस्त्यापलीकडून येणाऱ्यासाठी असते, चेहरा काही पावलांवरच्या माणसासाठी आणि ओळी अंक हातात घेणाऱ्यासाठी. एकाच कागदावर तीन अंतरांचे तीन वाचक!

नाव वरच का, याचे उत्तर दुकानाच्या फळीत आहे. अंक एकापुढे एक उभे केले, की खालचा भाग झाकला जातो. ते शेजारच्या अंकावर सरकवून ठेवले, तर डावी पट्टी तेवढी उघडी राहते. 1986 ते 2020 या काळात निघालेल्या 'क्यू'ने तर आपले नाव एका अक्षरात आटोपले होते. डाव्या कोपऱ्यात लाल चौकोन आणि त्यात पांढरे अक्षर. बाकी सगळे झाकले गेले, तरी एवढे दिसणारच.

चेहऱ्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. 8 मीटरवर एक कला म्हणजे सुमारे 2.3 मिलिमीटर. 15 सेंटिमीटर रुंदीचा चेहरा असेल, तर त्याच्या रुंदीत अशी 65 घरे बसतात. वाद्यवृंदातल्या पाचही जणांना त्याच पानावर उभे केले आणि प्रत्येकाच्या वाट्याला 3 सेंटिमीटर आले, तर घरे उरतात 13. एवढ्या घरांत माणूस ओळखता येतो का? बेल प्रयोगशाळेतील लिऑन हार्मन यांनी 1973 मध्ये अब्राहम लिंकन यांचे चित्र जेमतेम काहीशे चौकोनांत बसवून दाखवले. जवळून पाहिले तर नुसते ठोकळे. लांब गेले किंवा डोळे किलकिले केले, की लिंकन! पण हे जमते ते लिंकन यांचा चेहरा आधीच मनात असलेल्याला. अनोळखी माणसाचा चेहरा इतक्या थोड्या घरांत उभा राहत नाही.

याचे परिणाम संगीताला भोगावे लागतात. मुखपृष्ठावर गायक एकटा येतो आणि ताल सांभाळणारा वादक मागे पुसट होतो किंवा येतच नाही. नवख्या कलावंताला जागा मिळणे त्याहून अवघड. 'रोलिंग स्टोन'च्या 9 नोव्हेंबर 1967 च्या पहिल्या अंकावर जॉन लेनन होता. 'मोजो' 1993 मध्ये सुरू झाले, तेव्हा लेननला जाऊन तेरा वर्षे होत आली होती. तरी पहिल्या अंकावर बॉब डिलनबरोबर लेननच! यात संपादकांचा आळस नसेलच असे नाही, पण आळसाला डोळ्याच्या रचनेची साथ आहे.

याच लेननमुळे नेहमीची ठेवण एकदा मोडली गेली. 8 डिसेंबर 1980 रोजी ॲनी लीबोविट्झ यांनी लेनन आणि त्याची पत्नी योको ओनो यांचे छायाचित्र घेतले. त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये लेननचा खून झाला. 22 जानेवारी 1981 च्या अंकावर 'रोलिंग स्टोन'ने ते छापले. माथ्यावर नियतकालिकाचे नाव होते, पण लेखांची एकही ओळ नव्हती. बातमी सगळ्यांना ठाऊकच होती; तिसऱ्या अंतरावरच्या वाचकाला आणखी काय सांगायचे? अमेरिकेतल्या मासिक-संपादकांच्या संघटनेने 2005 मध्ये मागच्या चाळीस वर्षांतल्या मुखपृष्ठांत याला पहिला क्रमांक दिला.

आता पुष्कळ वाचक मुखपृष्ठ पाहतात ते दुकानात नव्हे, तर मोबाइलवर, 2 सेंटिमीटर रुंदीच्या चित्रात. मग जुनी ठेवण का टिकली? डोळ्यापासून 30 सेंटिमीटरवर धरलेले 2 सेंटिमीटरचे चित्र डोळ्याशी जेवढा कोन करते, तेवढाच कोन 22 सेंटिमीटर रुंदीचा छापील अंक 3 मीटर 30 सेंटिमीटरवरून करतो. म्हणजे वाचक अजून दुकानापासून चार-पाच पावलांवरच उभा आहे.

हे वर्गात पडताळून पाहता येते. कोणत्याही मासिकाचा अंक फळ्यावर लावा. एकेका विद्यार्थ्याला लांबून हळूहळू पुढे यायला सांगा आणि नाव, चेहरा, ओळी जिथून कळतील तिथे जमिनीवर खडूने खूण करा. अंतरे मोजून वरच्या हिशेबाशी ताडून पाहा. मराठी अंक घेतला, तर फरक पडेल. स्नेलेनचे गणित जाड-सरळ रोमन अक्षरांचे आहे. एकाच उंचीचे 'ग' आणि 'क्ष्म' कार्डांवर लिहून कोणते किती लांबून वाचता येते, याचा वेगळा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्या.