खाटा वाढल्या, तरी शस्त्रक्रिया का थांबतात?

महामारीत रुग्णालयाची क्षमता केवळ खाटांच्या संख्येवरून ठरत नाही. कोविड काळात हरियाणातील पानिपत येथे झालेल्या प्रयोगातून ही बाब स्पष्ट होते.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २० मार्च २०२० रोजी देशातील रुग्णालयांना तातडीच्या नसलेल्या नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलण्याची सूचना केली. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांसारख्या शस्त्रक्रिया बहुतांशी या प्रकारात मोडतात. शस्त्रक्रियेसाठी भूलतज्ज्ञ, प्रशिक्षित परिचारिका, प्राणवायू आणि प्रसंगी अतिदक्षता विभाग लागतो. कोविडच्या गंभीर रुग्णांनाही याच गोष्टींची गरज होती. शिवाय शस्त्रक्रियेच्या सुमारास संसर्ग झालेल्या रुग्णांपैकी २३.८ टक्के रुग्ण तीस दिवसांत दगावल्याचे ‘लॅन्सेट’मध्ये मे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात आढळले होते.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, प्राणवायूचा तीव्र तुटवडा निर्माण झाला. द्रवरूप प्राणवायूची वाहतूक अतिशीत टँकरमधूनच होते आणि असे टँकर अपुरे होते. इंडियन ऑईलने पानिपत येथील ग्लायकॉल निर्मितीसाठी लागणारा प्राणवायू दिल्ली, हरियाणा आणि पंजाबमधील रुग्णालयांकडे वळवला. मे महिन्यात तेथील तेलशुद्धीकरण कारखान्याजवळ ५०० खाटांचे तात्पुरते रुग्णालय उभे राहिले. कारखान्यातील प्राणवायू थेट नळाद्वारे तेथे पोहोचवण्यात आला. टँकरची वाट पाहण्याऐवजी रुग्णालयच प्राणवायूजवळ नेण्यात आले.

या उपायाने वाहतुकीची अडचण दूर झाली. मात्र डॉक्टर आणि परिचारिका नळाने आणता येत नाहीत. अन्य रुग्णालयांतून मनुष्यबळ काढले, तर तेथील शस्त्रक्रियागृहे ओस पडतात.

थांबलेल्या शस्त्रक्रियांची गरज मात्र संपत नाही. दुर्लक्षित हर्नियाचा रक्तपुरवठा अडकल्यास तो जिवावर बेततो. पहिल्या लाटेतील सर्वाधिक विस्कळीत अशा १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा लांबतील, असा अंदाज ‘कोविडसर्ज’ या संशोधक गटाने २०२० मध्ये वर्तवला होता. त्यांत भारतातील सुमारे ५ लाख ८० हजार शस्त्रक्रियांचा समावेश होता. नेहमीपेक्षा २० टक्के अधिक शस्त्रक्रिया केल्या, तरी हा अनुशेष भरून काढण्यास साधारण ४५ आठवडे लागतील, असेही या गटाने म्हटले होते.

त्यामुळे पुढील संकटाची तयारी करताना खाटा आणि प्राणवायूइतकाच राखीव मनुष्यबळाचा आणि शस्त्रक्रियांसाठी संसर्गमुक्त, स्वतंत्र विभागांचा विचार आवश्यक ठरतो.