सातबारा जळाला, शेत शाबूत

येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात डिसेंबर २०२४ मध्ये ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला आणि धाराशिव जिल्हा चकित झाला. वाघ आला होता थेट यवतमाळच्या टिपेश्वरहून. ओळख पटली ती अंगावरच्या पट्ट्यांवरून, जुन्या फोटोंशी ताडून पाहिल्यावर. म्हणजे जुने फोटो कुणीतरी जपून ठेवले होते म्हणून.

वाघाचे असोत की गावातल्या लग्नाचे, फोटोंचा शेवटचा मुक्काम बहुधा एक्स्टर्नल हार्ड डिस्कमध्येच असतो. मग एक दिवस डिस्क जोडली की संगणक निरागसपणे विचारतो, फॉरमॅट करायची का? मालक घाबरून 'हो' दाबतो. डेटा उडाल्याच्या बऱ्याच कहाण्या इथूनच सुरू होतात.

डिस्कची चकती म्हणजे गावचे शिवार समजा. कोणती फाइल कुठे आहे याची नोंद वेगळ्या जागी, तलाठ्याच्या दप्तरात. दप्तर जळाले तरी शेतातली ज्वारी डुलतच असते. फाइल डिलीट करणे म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव खोडणे, आणि क्विक फॉरमॅट म्हणजे कोरे दप्तर मांडणे. पीक जाते ते दुसऱ्याने त्या रानात नांगर घातल्यावर. म्हणूनच त्याच डिस्कवर पुन्हा काही लिहायचे नसते. रिकव्हरीचे सॉफ्टवेअरसुद्धा तिच्यावर टाकायचे नसते.

दप्तर नसताना शेत ओळखायचे कसे? हद्दीच्या दगडांवरून. जेपीईजी फोटोची सुरुवात नेहमी 'एफएफ डी८' या खुणेने होते, शेवट 'एफएफ डी९'ने. फोटोरेकसारखे फुकट सॉफ्टवेअर अख्खे शिवार पालथे घालून असे दगड शोधते. फोटो मिळतात, पण 'साखरपुडा' हे फोल्डरचे नाव मिळत नाही. ते दप्तराबरोबरच गेलेले असते. फाइल तुकड्या-तुकड्यांत विखुरलेली असली तर आणखी पंचाईत. जमिनीसाठी १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला, डिस्कला तो लागू नाही!

डिस्क टकटक वाजत असेल तर मात्र प्रकरण दप्तराचे राहिलेले नाही. वाचणारे हेड चकतीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगते. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या अडीच इंची डिस्कची कड त्याच्याखालून ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास वेगाने पळते. त्यात हेड घासले की खरवडलेला थर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणत नाही. अशी डिस्क ताबडतोब बंद करावी. ती फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून लोक सांगतात. त्याने आत दव मात्र हमखास धरते. जाणकार आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत काढतात आणि सगळी खटपट त्या प्रतीवर करतात.

या विद्येचा सर्वांत थरारक नमुना कल्पना चावला यांच्या शेवटच्या मोहिमेतला. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया यान आकाशात फुटले. काही महिन्यांनी कोरड्या तळ्याच्या पात्रात अवशेषांत एक सीगेट डिस्क सापडली, क्षमता जेमतेम काहीशे एमबी. सर्किट जळालेले, सील वितळलेले, आत धूळ. मिनियापोलिसचे डेटा रिकव्हरी अभियंते जॉन एडवर्ड्स यांनी चकत्या काढून धुतल्या, तशाच दुसऱ्या डिस्कच्या सांगाड्यात बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा बाहेर काढला. कौशल्य होतेच, पण नशीबही जबर. डिस्क अर्धीच भरलेली होती आणि धुळीने खड्डे पाडले ते रिकाम्या भागात. शिवाय प्रयोगाचा संगणक डॉस या जुन्या प्रणालीवर चालणारा, त्यामुळे डेटा विखुरलेला नव्हता, सलग लिहिलेला होता.

बातम्या डिस्कच्याच झाल्या. तिच्यात होते काय, हे फारसे कुणी विचारले नाही. शास्त्रज्ञ रॉबर्ट बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा झेनॉन वायूवरचा प्रयोग होता तो. सुमारे १६.६ अंश सेल्सिअस या क्रांतिक तापमानाजवळ झेनॉन ढवळला की पातळ होतो, घट्ट श्रीखंड घोटल्यावर सैल व्हावे तसा. श्रीखंडाचे सोडा, एक साधा एकअणू वायू असे वागतो ही गंमत! निष्कर्ष २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू ई'त छापून आले.

'काहीही झाले तरी शंभर टक्के रिकव्हरी' अशी जाहिरात करणारे कोलंबियाचा दाखला हौसेने देतात. त्याच यानाच्या आणखी दोन डिस्क एडवर्ड्स यांच्याकडे आल्या होत्या. त्यांतून काहीच निघाले नाही.