आजीचा व्हिडिओ कॉल का तुटत होता?

माझे घर जबलपूरच्या गोहलपूर भागात आहे. दर रविवारी शाळेच्या संगणक कक्षातून मी आजीला व्हिडिओ कॉल करतो. मागच्या सत्रात तो प्रत्येक वेळी मध्येच तुटायचा. आजीला वाटायचे, मीच कंटाळून बंद केला. शेजारी बसलेल्या मित्रांचे कॉल मात्र नीट चालायचे. म्हणजे दोष आमच्या घराकडचा होता. दिवाळीच्या सुट्टीत मी तो शोधायचे ठरवले.

घरात इंटरनेटची जोडणी एकच येते. ती सगळ्यांना वाटून देण्याचे काम राउटर करतो. मित्रांनो, हे समजण्यासाठी आपल्या शाळेचे टपाल आठवा. बाहेरच्या जगाला शाळेचा एकच पत्ता माहीत असतो. पत्र कोणत्या हाउसच्या कोणत्या कॅडेटचे, हे आत आल्यावर पाहिले जाते. राउटरचेही तसेच आहे. बाहेर त्याचा एक पत्ता असतो आणि आत तो प्रत्येक फोनला, लॅपटॉपला, टीव्हीला वेगळा पत्ता देतो, जसा आपल्याला पहिल्या दिवशी पलंग क्रमांक मिळतो. आतला पत्ता बहुधा १९२.१६८ या आकड्यांनी सुरू होतो. हे पत्ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. त्यामुळे तुमच्या आणि माझ्या घरात तोच पत्ता असला तरी गोंधळ होत नाही.

अशी वाटणी का करावी लागली? इंटरनेटचा जुना पत्ता ३२ बिटांचा आहे. त्यातून सुमारे ४२९ कोटीच पत्ते तयार होतात आणि जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या वर गेली आहे. नव्या पद्धतीचा पत्ता १२८ बिटांचा आहे, पण जुनी पद्धतही अजून चालूच आहे. फोनने एखादे पान मागितले की कोणी काय मागितले याची राउटर नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ती नोंद पाहून ते त्याच फोनकडे पाठवतो.

आता वेगाविषयी. आमची जोडणी ४० एमबीपीएसची आहे. यातला ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून एका सेकंदात जास्तीत जास्त ५ मेगाबाइट येऊ शकतात. तेही सगळ्यांना मिळून.

बाबांना विचारून मी राउटरचे सेटिंगचे पान उघडले. आमच्या घरात पाच उपकरणे आहेत, यादीत चौदा होती! जोडणी घेतली तेव्हाचाच पासवर्ड चालू होता आणि जो मागेल त्याला तो सांगितला गेला होता. शिवाय राउटर लोखंडी कपाटाच्या मागे ठेवलेला होता. धातू रेडिओ लहरी अडवतो, त्यामुळे आजीच्या खोलीत त्या क्षीण होऊन पोहोचत होत्या.

मी म्हणालो, “पासवर्ड बदलू आणि सगळ्यांना बंद करू.” आजी म्हणाली, “वरच्या चाचीची मुलगी रोज संध्याकाळी आपल्याकडे बसून अभ्यास करते. तिची यंदा बोर्डाची परीक्षा आहे. तिला नाही म्हणायचे नाही.” मला सुचेना. कारण प्रश्न फक्त वेगाचा नव्हता. त्या जोडणीवरून कोणी गैरप्रकार केला, तर चौकशी आधी बाबांकडे येईल.

शेवटी उपाय राउटरमध्येच सापडला. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क सुरू केले. त्यावरच्या फोनला इंटरनेट मिळते, पण आमच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचता येत नाही. त्याला वेगाची मर्यादाही घातली. मुख्य नेटवर्कला लांब, नवा पासवर्ड दिला. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदलला. राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवला. पालकांनीही एकदा आपल्या राउटरची यादी जरूर पाहावी.

आमच्या जबलपूरमध्ये सैन्याच्या सिग्नल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आहे. या कोअरचे ब्रीद ‘तीव्र चौकस’ असे आहे. घरच्या नेटवर्कमध्ये मी नुसता वेग पाहत होतो, चौकस राहायचे विसरलो होतो.

आता कॉल तुटत नाही. तो आजीच बंद करते, तिची मालिका सुरू झाली की.