साधनमर्यादित रुग्णालये आणि पक्षाघात : भार, उपचार व फलित

प्रास्ताविक

'अंगावरून वारे गेले', 'लकवा मारला' अशा शब्दांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ज्या आजाराचे वर्णन केले जाते, त्यास वैद्यकशास्त्र पक्षाघात किंवा स्ट्रोक असे संबोधते. आयुर्वेदातही पक्षाघाताची गणना वातव्याधींत होते. वाऱ्याच्या या कल्पनेमुळे आजाराचे मूळ हातापायांत आहे असा समज रूढ झाला आणि उपचारही हातापायांवरच होत राहिले. तेलाचे मर्दन, शेक, काही भागांत तर पारव्याचे रक्त चोळणे हे उपाय आजही पूर्णतः मागे पडलेले नाहीत. प्रत्यक्षात बिघाड मेंदूत झालेला असतो. मेंदूला रक्त पुरविणारी रोहिणी गुठळीमुळे बंद पडल्यास त्या भागातील पेशी प्राणवायूअभावी मरू लागतात. हा रक्तरोधजन्य पक्षाघात होय. रोहिणी फुटून मेंदूत रक्तस्राव झाल्यास तो रक्तस्रावजन्य पक्षाघात. दोहोंची बाह्य लक्षणे जवळजवळ सारखीच असतात. एका बाजूचे बळ जाते, तोंड वाकडे होते, वाचा अडखळते. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत.

जागतिक रोगभार अभ्यासानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे १ कोटी २२ लाख व्यक्तींना नव्याने पक्षाघात झाला आणि सुमारे ६५ लाख ५० हजार व्यक्ती त्यामुळे मृत्यू पावल्या. यांपैकी ८६ टक्के मृत्यू अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होते. नव्या रुग्णांत रक्तरोधजन्य प्रकाराचे प्रमाण ६२ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे ज्या प्रकारावर काळाच्या मर्यादेत परिणामकारक उपचार उपलब्ध आहे, तोच प्रकार अधिक आढळतो. आणि जेथे तो उपचार पोहोचणे सर्वांत कठीण, तेथेच मृत्यू अधिक होतात. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार मुख्यतः महाराष्ट्रातील उपलब्ध अभ्यासांच्या आधारे केला आहे.

रुग्णालयाचा आकडा आणि गावाचा आकडा

मुंबईतील एका निश्चित लोकवस्तीत २००५ व २००६ या दोन वर्षांत झालेल्या सर्वेक्षणात पहिल्यांदाच पक्षाघात झालेल्या ४५६ व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील सुमारे ८० टक्के रुग्णांचा पक्षाघात रक्तरोधजन्य होता. सर्व प्रकार मिळून २८ दिवसांच्या आत २९.८ टक्के रुग्ण दगावले. रुग्णालये हाकेच्या अंतरावर असलेल्या महानगरातील ही स्थिती आहे.

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' या संस्थेच्या कार्यक्षेत्रातील ८६ गावांत एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळात झालेल्या १,५९९ मृत्यूंची कारणे तपासण्यात आली. त्यांपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के मृत्यू पक्षाघाताने झाले होते. मृत्यूच्या कारणांत पक्षाघात अग्रस्थानी होता. हिवताप, क्षय आणि कुपोषण यांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या आदिवासीबहुल जिल्ह्याविषयीचा हा निष्कर्ष अनेकांना अनपेक्षित वाटला. त्याहून महत्त्वाचे दोन तपशील आहेत. या २२९ पैकी ८७.३ टक्के व्यक्तींचा मृत्यू घरीच झाला. आणि लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात दगावलेल्यांचे प्रमाण ४६.३ टक्के होते. म्हणजे निम्म्याहून अधिक व्यक्ती महिना उलटल्यानंतर, रुग्णालयाचा संबंध असलाच तर तो संपल्यानंतर, गेल्या.

या दोन तपशिलांमुळे रुग्णालयीन मृत्युदराकडे सावधपणे पाहणे भाग पडते. एखाद्या लहान रुग्णालयात पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसत असतील, तर त्याचे श्रेय उपचारांना देण्यापूर्वी काही प्रश्न विचारावे लागतात. अत्यवस्थ रुग्ण तेथून मोठ्या शहरात पाठविले जातात काय? 'आता आशा नाही' असे कळल्यावर नातेवाईक रुग्णास घरी घेऊन जातात काय? अशा रुग्णाची नोंद 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णालय सोडले' अशी होते. त्याचा मृत्यू रुग्णालयाच्या खाती पडत नाही. अंतिम श्वास स्वतःच्या घरी घ्यावा ही भावना आपल्या समाजात खोल रुजलेली आहे आणि शववाहिकेचा खर्च हेही एक रोकडे कारण आहे. उलटपक्षी, चहूबाजूंनी अत्यवस्थ रुग्ण ज्याच्या दारी येतात त्या शासकीय महाविद्यालयीन रुग्णालयाचा मृत्युदर अधिक दिसणारच. तेव्हा दोन रुग्णालयांच्या मृत्युदरांची थेट तुलना करून गुणवत्तेचा निवाडा देणे हे शास्त्रीयदृष्ट्या असमर्थनीय होय. दाखल होतानाची तीव्रता आणि किमान तीन महिन्यांनंतरची अवस्था ज्ञात नसेल, तर त्या आकड्यास फारसा अर्थ उरत नाही.

साडेचार तासांचा हिशोब

रोहिणी बंद पडल्यानंतर मेंदूचा मध्यवर्ती भाग अल्पावधीत मृत होतो. त्याभोवतीचा भाग मात्र काही तास जगण्या-मरण्याच्या सीमेवर तग धरून असतो. हाच भाग वाचविणे हे तातडीच्या उपचारांचे लक्ष्य. मोठी रोहिणी बंद असताना दर मिनिटास सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळविणाऱ्या अल्टेप्लेज या औषधाची उपयुक्तता १९९५ मध्ये अमेरिकेतील चाचणीत तीन तासांच्या मर्यादेत सिद्ध झाली. २००८ मध्ये युरोपीय चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढविली. औषध निर्धोक नाही. १९९५ च्या चाचणीत मेंदूत लक्षणयुक्त रक्तस्राव होण्याचे प्रमाण औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के, तर न घेतलेल्यांत ०.६ टक्के होते. तरीही तीन महिन्यांनंतर अपंगत्वविरहित अथवा नाममात्र अपंगत्व असलेल्यांची संख्या औषध घेतलेल्या गटात अधिक भरली. रक्तस्रावजन्य पक्षाघातात हेच औषध घातक ठरते, म्हणून सी.टी. स्कॅनशिवाय ते देता येत नाही. केवळ लक्षणांच्या आधारे गुण देऊन प्रकार ओळखण्याच्या पद्धती सुचविल्या गेल्या, परंतु अशा उपचाराचा निर्णय घेण्याइतपत त्या विश्वसनीय ठरल्या नाहीत.

हे साडेचार तास नेमके कोठे खर्च होतात, हे पाहणे उद्बोधक आहे. घड्याळ सुरू होते ते रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. रात्री झोपताना ठीक असलेली व्यक्ती पहाटे उठताना कोसळली, तर घड्याळ रात्रीपासूनच धरावे लागते आणि प्रवास सुरू होण्यापूर्वीच मुदत संपलेली असते. दिवसा लक्षणे दिसली तरी 'थोडे पडून राहा, बरे वाटेल' यात तास-दोन तास जातात. त्यानंतर गावातील डॉक्टर, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून ग्रामीण रुग्णालय आणि अखेरीस जिल्हा रुग्णालय अशी पायरीपायरीने वाटचाल होते. सिरोंचापासून गडचिरोलीचे अंतर सुमारे दोनशे किलोमीटर आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून उपलब्ध झाली, ही मोठी सोय होय. परंतु रुग्णवाहिकेने रुग्णास सी.टी. स्कॅन नसलेल्या निकटच्या रुग्णालयात पोहोचविले, तर वाचलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो. येथे 'जवळचे रुग्णालय' आणि 'योग्य रुग्णालय' यांत भेद करणे अगत्याचे ठरते.

मज्जाविकारतज्ज्ञाचा अभाव ही अडचण सर्वाधिक सांगितली जाते, तथापि ती अनुल्लंघनीय नाही. हिमाचल प्रदेशात २०१४ पासून जिल्हा रुग्णालयांतील फिजिशियन स्मार्टफोनवरून सी.टी. स्कॅनच्या प्रतिमा तज्ज्ञांना पाठवून त्यांच्या सल्ल्याने औषध देऊ लागले. औषध शासनाने विनामूल्य पुरविले. पहिल्या अहवालातील रुग्णसंख्या २६ होती. संख्या लहान असली, तरी डोंगराळ राज्यात तज्ज्ञ प्रत्यक्ष हजर नसताना हे घडले, हे लक्षणीय आहे. औषधाच्या स्वरूपातही बदल झाला आहे. अल्टेप्लेजचा दहावा हिस्सा प्रथम देऊन उर्वरित मात्रा तासभर नियंत्रित गतीने शिरेवाटे द्यावी लागते. टेनेक्टेप्लेज मात्र एकाच इंजेक्शनात देता येते. ज्या रुग्णालयात एकच परिचारिका रात्रपाळीत संपूर्ण कक्ष सांभाळते, तेथे हा फरक तांत्रिक राहत नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील मोठ्या चाचणीत टेनेक्टेप्लेज हे अल्टेप्लेजपेक्षा उणे नसल्याचे दिसून आले. भारतात त्याचे उत्पादन पुण्यातील कंपनी करते.

रोहिणीत नळी घालून गुठळी प्रत्यक्ष बाहेर काढण्याची पद्धती २०१५ मधील चाचण्यांनंतर जगन्मान्य झाली. तिच्यासाठी लागणारी यंत्रणा व मनुष्यबळ पाहता जिल्हा पातळीच्या चर्चेत तिचा उल्लेख करून पुढे जाणेच इष्ट.

शुश्रूषेचे सामर्थ्य

साडेचार तासांच्या चर्चेचा एक अनिष्ट परिणाम झाला आहे. मुदतीनंतर आलेल्या रुग्णासाठी 'आता काही करण्यासारखे नाही' अशी धारणा बळावली. साधनमर्यादित रुग्णालयांतील बहुसंख्य रुग्ण याच गटातले असल्याने ही धारणा गुठळीइतकीच घातक म्हणावी लागेल. पक्षाघाताचा रुग्ण पहिल्या काही दिवसांनंतर अनेकदा मेंदूच्या इजेने दगावत नाही. गिळण्याची क्रिया बिघडल्याने अन्न वा पाणी श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया, लघवीच्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग, पाठीवरील शय्याव्रण, पायातील शिरांत होणाऱ्या गुठळ्या यांनी तो दगावतो.

ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्समध्ये झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत परिचारिकांना तीनच गोष्टींची कार्यपद्धती ठरवून देण्यात आली : तापाचे नियंत्रण, रक्तशर्करेचे नियंत्रण आणि गिळण्याची तपासणी. नव्वद दिवसांनंतर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण या गटात ४२ टक्के, तर नेहमीच्या पद्धतीच्या गटात ५८ टक्के आढळले. सुसज्ज देशातील हा निष्कर्ष जसाच्या तसा येथे लागू होईल असे नाही. पण या तीन गोष्टींसाठी लागणारी सामग्री पाहावी : तापमापक, ग्लुकोमीटर आणि थोडेसे पाणी. रुग्णास बसते करून चमचाभर पाणी द्यावे, ठसका लागतो का, आवाज घोगरा होतो का हे पाहावे आणि तोवर तोंडाने काहीही देऊ नये, इतकेच. आपल्याकडे मात्र रुग्ण दाखल होताच नातेवाईक प्रेमाने चहा किंवा पेज पाजू लागतात, आणि त्यांना कोणी अडवीत नाही, कारण तसे कोणी सांगितलेलेच नसते.

रक्तदाबाचेही असेच आहे. गुठळी विरघळविणारे औषध द्यायचे नसेल, तर पहिल्या दिवशी रक्तदाब २२०/१२० पर्यंत चढलेला असला तरी सामान्यतः तो घाईने उतरवू नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. अर्धवट रक्तपुरवठ्यावर जगणाऱ्या भागास त्या दाबाची गरज असते. प्रत्यक्षात आकडा पाहून धास्तावून तो झपाट्याने खाली आणण्याची सवय अद्याप गेलेली नाही. ॲस्पिरिनविषयी १९९७ मधील दोन चाचण्यांत मिळून सुमारे ४० हजार रुग्णांचा अभ्यास झाला. लवकर सुरू केल्यास दर हजारी सुमारे नऊ रुग्ण मृत्यू किंवा पुन्हा होणाऱ्या पक्षाघातापासून वाचतात. लाभ अल्प खरा; परंतु गोळी अत्यंत स्वस्त आहे आणि ती साडेचार तासांनंतरही देता येते.

या सर्व बाबी एकत्र आणणारी व्यवस्था म्हणजे पक्षाघात कक्ष होय. त्यासाठी वेगळी इमारत लागत नाही. ठरावीक खाटा, प्रशिक्षित परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि लेखी कार्यपद्धती लागते. आसाममधील तेजपूर येथील एका मिशन रुग्णालयाने मज्जाविकारतज्ज्ञ नसताना फिजिशियनांच्या बळावर असा कक्ष उभा केला.

घरी परतल्यानंतर

पक्षाघाताचे फलित मोजण्यासाठी ग्लासगो येथील डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या श्रेणीचे सुधारित रूप जगभर वापरले जाते. शून्य म्हणजे निर्दोष, सहा म्हणजे मृत्यू. तिच्या उपयुक्ततेविषयी वाद नाही. तथापि भारतीय घराचे काही प्रश्न तिच्यात मावत नाहीत. कमोड नसलेल्या घरात उकिडवे बसता न येणे म्हणजेच परावलंबित्व. उजवा हात गेलेल्या व्यक्तीस डाव्या हाताने जेवण्याचा संकोच वाटतो. शेतमजूर स्त्री कागदोपत्री 'स्वावलंबी' ठरली तरी निंदणी-खुरपणीला जाऊ शकत नाही, तिची मजुरी बुडते, आणि तिच्या शुश्रूषेसाठी बहुधा घरातील मुलीची शाळा सुटते.

फिजिओथेरपिस्ट अपुरे असल्याने कुटुंबीयांनाच प्रशिक्षण द्यावे, ही कल्पना साहजिकच आकर्षक वाटते. भारतातील १४ केंद्रांत १,२५० रुग्णांवर तिची चाचणी घेण्यात आली आणि निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच भरले. प्रशिक्षित व्यावसायिकांची उणीव कुटुंबाच्या मायेने भरून काढता येईल, या समजुतीला या निष्कर्षाने छेद दिला. धोरणकर्त्यांनी तो सोयीस्करपणे विसरू नये.

पुन्हा पक्षाघात होऊ नये यासाठी रक्तदाबाची गोळी अखंड चालू राहणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे आरंभी निवडले गेले. ठरावीक औषधे, ठरावीक मात्रा आणि प्रत्येक रुग्णाची पाठपुरावा नोंद हे त्याचे सूत्र आहे. रुग्णालयातून सुटी देताना मिळणारी गोळ्यांची पुडी काही दिवसांत संपते. त्यानंतरची पुडी गावाजवळच्या उपकेंद्रात मिळते की तालुक्याला जाऊन दिवसाची मजुरी बुडवून आणावी लागते, यावर ती गोळी चालू राहते अथवा बंद पडते.