मुंबईची फोरस जमीन : भूमिसुधारणेच्या साहाय्याचा एक जुना प्रकार

मध्य मुंबईंतील फोरस रोड हें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. परंतु त्यांत जमीनमहसुलाच्या इतिहासाचें एक प्रकरण सांठवलेलें आहे, इकडे सहसा लक्ष जात नाहीं. पडीक अथवा खारी जमीन सुधारणाऱ्यास राजसत्तेनें कोणतें साहाय्य द्यावें, आणि सुधारलेली जमीन अखेर कोणाची, या प्रश्नाचा निकाल येथें कसा लागला तें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

प्रथम शास्त्र पाहूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत जनपदनिवेशाच्या अध्यायांत असा नियम आहे कीं, अकृष्ट भूमि ज्यांनीं लागवडीस आणिली त्यांजकडून ती काढून घेऊं नये. त्यांस धान्य, पशु व द्रव्य देऊन अनुग्रह करावा, आणि त्यांनीं तें सवडीनें फेडावें. अन्यत्र नवीन तलाव व बांध घालणारास पांच वर्षांची, आणि मोडलेले दुरुस्त करणारास चार वर्षांची करमाफी सांगितली आहे. साहाय्य, सूट आणि स्वत्व अशीं या व्यवस्थेचीं तीन अंगें होत.

शिवछत्रपतींनीं १६७६ सालीं प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेल्या पत्रांत यांपैकीं पहिलें अंग स्पष्ट दिसतें. ज्या कुळास माणूसबळ आहे पण बैल वा बीं नाहीं, त्यास तें पुरवावें, आणि वाढीदिढी न घेतां केवळ मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणें हळूहळू उगवावें, अशी त्यांत आज्ञा आहे.

आतां मुंबईकडे वळूं. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंडारांतून भरतीचें पाणी आंत शिरून बेटांमधील सखल भाग बुडत असे. गव्हर्नर हॉर्नबी (१७७१–१७८४) याच्या कारकीर्दींत तेथें बांध पडला. त्याचें वेलार्ड हें नांव बांध वा कुंपण या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलें. परंतु समुद्र अडला म्हणून जमीन लागलीच पिकत नाहीं. मातींतील मीठ अनेक पावसाळ्यांच्या पाण्यानें धुवून निघावें लागतें. आंतील बांध घालावे लागतात. उघाड्या राखाव्या लागतात. हे श्रम करावयास कोणी पुढें यावें म्हणून कंपनीनें कामाठीपुरा, ताडदेव इत्यादि बाजूंच्या अशा जमिनी हलक्या खंडानें दिल्या. या खंडास फोरस म्हणत. हा शब्द ‘बाहेरचा’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून काढितात. कोणी ‘फोरो’ म्हणजे खंड यावरून काढितात. अर्थाच्या दृष्टीनें दुसरी व्युत्पत्ति मला अधिक सयुक्तिक वाटते.

येथें रोकड नव्हे, तर खंडाचा हलकेपणा हेंच साहाय्य होतें. मात्र जमिनीवरील हक्क कंपनीकडेच राहिला. शहर वाढून जमिनीचें मोल चढल्यावर ही वाढ धन्याची कीं सुधारणाऱ्याची, हा प्रश्न उभा राहणें अटळ होतें. १८५१ च्या सहाव्या कायद्यानें त्याचा निकाल केला. ठराविक सीमेंतील जमिनींवरील कंपनीचा हक्क संपवून तो कंपनीस प्रत्यक्ष खंड भरणारास दिला. चालू खंड मात्र महसूल म्हणून कायम ठेविला.

हा निकाल कौटिल्याच्या नियमाजवळ येतो, परंतु त्याशीं एकरूप नाहीं. कौटिल्य भूमि करणाऱ्याचें नांव घेतो. कायदा खंड भरणाऱ्याचें घेतो. ज्या पोटकुळानें बांधाचा चिखल उपसला, पण ज्याचें नांव कंपनीच्या दप्तरांत नव्हतें, त्यास या शब्दांनीं कांहींच मिळत नाहीं.

पुढें १८८३ व १८८४ च्या कायद्यांनीं, ज्यांचें कर्ज लोकांत तगाई म्हणून ओळखलें जातें, साहाय्यास नवें रूप आलें. आणि कोंकणांतील खारजमिनींसाठीं १९४८ व १९७९ सालीं स्वतंत्र कायदे झाले. साहाय्याची रीत बदलली, तरी कसोटी तीच राहते. बांधास पैसा मिळाला एवढ्यानें काम संपत नाहीं. तो बांध दरवर्षीं राखणाऱ्याच्या हातीं त्याचें फळ राहतें कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे. आज फोरस शेतांवर भाताचें एक रोपही नाहीं. परंतु तेथें उपस्थित झालेला प्रश्न जेथें जेथें पडीक जमीन सुधारली जाते तेथें तेथें पुन्हां विचारावा लागतो.