कियांती : मिश्रणाचे सूत्र आणि मातीचा स्वभाव

इटलीच्या तोस्काना प्रांतात, फ्लोरेन्स आणि सिएना या शहरांच्या परिसरातील टेकड्यांवर तयार होणारी कियांती ही तांबडी वाइन परंपरेने अनेक द्राक्षवाणांच्या मिश्रणातून घडत आली आहे. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा याने १७१६ मध्ये फर्मान काढून या प्रदेशाच्या सीमा आखल्या. मिश्रणाला मात्र निश्चित रूप दिले ते एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली यांनी. ब्रोलियो येथील आपल्या मळ्यांत दीर्घकाळ प्रयोग करून त्यांनी १८७२ च्या एका पत्रात असे नोंदवले, की सांजोव्हेजे हे काळे द्राक्ष वाइनला गंध आणि जोम देते, कनायोलो तिचा कठोरपणा सौम्य करते, आणि माल्वाझिया हे पांढरे द्राक्ष तिला हलकी करून रोजच्या जेवणासाठी लवकर पिण्याजोगी बनवते, परंतु मुरवत ठेवायच्या वाइनमधून ते वगळता येते.

हा मोलाचा भेद पुढे पुसला गेला, ही खेदाची गोष्ट होय. उगमस्थानाच्या नावाला कायद्याचे संरक्षण देणाऱ्या १९६७ च्या नियमांनी १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सर्वांनाच सक्तीची केली, आणि रोजच्या वाइनची सवलत उत्तम वाइनवरही लादली गेली. १९७० च्या दशकात आन्तिनोरी घराण्याने कियांती हे नाव सोडून ‘तिन्यानेल्लो’ ही वाइन साधी टेबल वाइन म्हणून विकली, ती याच कोंडीतून. अखेर २००६ पासून कियांती क्लासिकोमध्ये पांढऱ्या द्राक्षांना बंदी झाली.

राद्दा, गायोले, कास्तेल्लीना आणि ग्रेव्हे या गावांभोवतीचा मूळ गाभा म्हणजे क्लासिको. तेथे किमान ८० टक्के सांजोव्हेजे लागते, तर भोवतालच्या विस्तृत कियांती प्रदेशात सर्वसाधारणपणे ७० टक्के पुरते. या विस्तृत प्रदेशाच्या सात उपविभागांपैकी रूफिना सर्वाधिक लक्ष देण्याजोगा आहे, कारण अपेनाइन पर्वताच्या सान्निध्यामुळे तेथील रात्री थंड असतात, द्राक्षातील आंबटपणा टिकून राहतो आणि वाइन दीर्घकाळ मुरू शकते. पिसाजवळच्या टेकड्यांवर समुद्राच्या सौम्य हवेमुळे ती मऊ आणि हलकी होते. सिएनाच्या टेकड्यांचा विभाग मात्र इतका पसरलेला आहे, की त्याची एकच शैली सांगता येत नाही. आज क्लासिको आणि कियांती ही कायद्याने दोन स्वतंत्र नावे असून, काळ्या कोंबड्याचे चिन्ह फक्त क्लासिकोच्या बाटलीवरच असते.