तिसऱ्या विल्यमच्या बागेचा जीर्णोद्धार

जुन्या वाड्याची भिंत कोसळली तरी तिचा पाया जागेवर राहतो. बागेचे मात्र तसे नाही. माळ्याने कातर खाली ठेवली की ती आपल्या मर्जीने वाढू लागते, आणि दोन-तीन पिढ्यांत तिची मूळ आखणी तिच्याच झाडांच्या सावलीत गडप होते. लंडननजीक टेम्सकाठच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातील राजाची खासगी बाग अशीच गडप झाली होती, आणि १९९५ साली ती पुन्हा मूळ रूपात लोकांस खुली झाली.

ही बाग इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याची. क्रिस्टोफर रेन याने बांधलेल्या नव्या महालातून नदीचे दर्शन व्हावे, अशी त्याची मनीषा होती. मधली जमीन उंच असल्याने तसे होईना, तेव्हा त्याने सारी बाग खोल खणवून तिची पातळी उतरविली, आणि नदीकडच्या टोकास झां तिजू या कारागिराने घडविलेली लोखंडी जाळी बसली. परंतु काम पुरते होते न होते तोच, घोड्यावरून पडल्याचे निमित्त होऊन, १७०२ च्या मार्चात राजा निवर्तला. दुसऱ्या जॉर्जनंतर येथे कोणी राजा नांदला नाही, छाटणी थांबली आणि शोभेची बुटकी झाडे उंच, दाट वृक्ष झाली. १८३८ मध्ये व्हिक्टोरिया राणीने हा परिसर प्रजेस खुला केला, तेव्हापासून लोकांस तीच सावली प्रिय झाली.

१९८६ च्या आगीत राजाच्या महालाची हानी झाली. दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये दालने उघडली, आणि ज्या खिडक्या बाग पाहण्यासाठीच योजल्या होत्या त्यांतून केवळ गर्द झाडीच दिसू लागली. ती झाडी तोडावी की राखावी, यावर वाद झाला, आणि तो होणे योग्यच होते, कारण मुळासकट काढलेला जुना वृक्ष कोणत्याही दुरुस्तीने परत येत नाही. तरीही तोडण्याचा निर्णय मला मान्य आहे, तो पुराव्याच्या बळावर. सरकारी दफ्तरात बागेच्या जमाखर्चाचे तपशील होते, लेनर्ड क्नायफ याने बाग तयार झाली त्याच सुमारास काढलेले राजवाड्याचे चित्र होते, आणि वरचा थर काढून उत्खनन करताच खडीच्या जमिनीत खणलेल्या वाफ्यांच्या कडा मातीच्या वेगळ्या रंगावरून उमटून आल्या. रेषान्‌रेषा जमिनीनेच जपून ठेवली होती.

आज तेथे जाणाऱ्यास वाफे प्रथमदर्शनी उघडे वाटतात. फुलझाडे एकमेकांपासून अंतरावर, मधली माती दिसेल अशी लावलेली असतात; कारण त्या काळी एकेक दुर्मिळ रोप वेगळे न्याहाळण्यात प्रतिष्ठा होती, आणि गच्च भरलेल्या ताटव्यांची आवड पुढची आहे. कडेने बॉक्स नावाच्या झुडपाची ठेंगणी कुंपणे, मधूनमधून शंकूसारखे कातरलेले यू वृक्ष आणि हिरवळीत कापून काढलेली नक्षी यांचा मेळ खाली उभे राहून पुरता ध्यानी येत नाही; त्यासाठी महालाचा जिना चढून राजाच्या खिडकीशीच जावे लागते.

वाढलेली झाडी गमावण्याची अशीच किंमत याच विल्यमच्या हॉलंडमधील हेट लो या राजवाड्याच्या बागेसही मोजावी लागली. हॉलंडचा राजा लुई नेपोलियन याच्या काळी ती वाळूखाली पुरून वर इंग्रजी धाटणीचे उपवन केले होते. ते हटवून खालची बाग उकलली, आणि १९८४ पासून राजवाडा व बाग दोन्ही प्रेक्षकांस पाहावयास मिळू लागली.